घरी काडतूस भरून पैसे वाचतील का? त्याआधी डब्यावरचा लॉट नंबर वाचायला शिका

कागलच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, २ वर्षं १० मीटर एअर रायफल मारते. आता प्रशिक्षक तिला पॉइंट टू-टूवर, म्हणजे .२२ काडतुसाच्या रायफलवर, ५० मीटरला घ्यायचं म्हणतात. अमेरिकेतला मेव्हणा घरच्या गॅरेजमध्ये रायफलची काडतुसं स्वतः भरतो. निम्म्या पैशांत होतात, शिवाय कारखान्याच्या मालापेक्षा अचूक लागतात, असं त्याचं म्हणणं. दिवाळीला येताना ते भरायचं प्रेस घेऊन येऊ का, असं तो विचारतोय. आणू द्यावं का? आणि नाही तर कमी खर्चात अचूक मारा हवा असेल, तर कुठला माल घ्यावा?

प्रेस आणू देऊ नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही मेव्हण्याला हो म्हणून बसाल.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि रिकामी पुंगळी परत भरणं म्हणजे बनवणंच. त्या कायद्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या लांबलचक आहे. तयार काडतूस तर आलंच, पण काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा तीत बसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान ७ वर्षं, आणि वर जन्मठेपेपर्यंत. मेव्हण्याच्या गावात जे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते इथल्या विमानतळावर बॅगेतून निघालं तर दिवाळी कुठं साजरी होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे ते प्रेस तुमच्या मुलीच्या काही उपयोगाचंच नाही. मेव्हणा भरतो ती सेंटरफायर काडतुसं. त्यात चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाच्या मधोमध बसवलेली टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी. यातला सगळ्यात महाग भाग पुंगळी, आणि ती परत परत वापरता येते. त्याची बचत तिथून येते. पॉइंट टू-टू मात्र रिमफायर. तिला वेगळी टोपी नसतेच. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या घडीत, कडेकडेनं भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि कड चेपते. एकदा चेपली की पुंगळी संपली. त्यामुळे जगात कुठंही गेलात तरी मॅचसाठी पॉइंट टू-टू मारणारा माणूस कारखान्याचीच गोळी मारतो. आपली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) ६०० पैकी ५९७ मारून जगज्जेती झाली ती कारखान्याच्याच गोळीवर, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकचं कांस्य घेतलं तेही तसंच.

म्हणजे मेव्हण्याकडून शिकण्यासारखं काही नाही असं नव्हे. काडतूस भरणारी चांगली माणसं एका वेळी एकच गोष्ट बदलतात, बदल कागदावर तपासतात आणि वहीत लिहून ठेवतात. कुठला माल चांगला हे ती जाहिरातीला विचारत नाहीत, आपल्या नळीला विचारतात. ही सवय फुकट आहे आणि कस्टममध्ये अडकत नाही. तेवढी आणायला सांगा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पोट भरलेला माणूस. सकाळी रेंज आणि मग शॉप, असं पंचवीसेक वर्षं चाललं. त्यामुळे माझा चष्मा टर्नरचा आहे, हे धरून पुढचं वाचा. नळीचं भोक हा एक माप आणि गोळीचं डोकं हे दुसरं माप, आणि दोन मापांचं जमतंय का एवढाच सगळा खेळ आहे. डब्यावर छापलेलं माप हे छापलेलं माप असतं. जॉब ड्रॉइंगप्रमाणे झालाय की नाही हे आम्ही ड्रॉइंग बघून ठरवत नाही, व्हर्नियर लावून ठरवतो.

एअर रायफलपासून सुरू करू, कारण मुलगी अजून काही वर्षं तरी जास्त पेलेटच, म्हणजे एअर रायफलचे शिशाचे छर्रेच, मारणार आहे. १० मीटरला लागतात ते ४.५ मिलिमीटरचे, सपाट डोक्याचे पेलेट. डोकं सपाट असल्यामुळे कागदाला पंचिंग मशिननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं. टोकदार आणि गोल डोक्याचे पेलेट दुकानदार कौतुकानं दाखवतात, ते दुसऱ्या कामाचे, इथं घेऊ नका. रायफलच्या मॅच पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम असतं. त्याच ब्रँडचे हलके, ०.४५ किंवा ०.४९ ग्रॅमचे, पिस्तूलवाल्यांसाठी येतात. डबा बऱ्याचदा सारखाच दिसतो, घाईत चुकीचा उचलला जातो. ५०० चा डबा असतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा शतांश मिलिमीटरच्या फरकानं छापलेला असतो. आर.डब्ल्यू.एस., एच. अँड एन., जे.एस.बी. या कंपन्यांची नावं रेंजवर रोज ऐकू येतील, आणि प्रत्येकाचा एक साधा व एक वरच्या प्रतीचा माल असतो.

प्रत्येक जण विचारतो, 'सर, ४.४९ चांगला की ४.५०?' मला माहीत नाही. तुमच्या नळीलाच माहीत. माझ्या हातून गेलेल्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळी मापं आवडली आहेत. शेजारच्या लेनवरच्या पोरीनं अमुक डब्यानं दशांश गुण धरून ६२० मारले म्हणून तोच डबा घेणं म्हणजे तिच्या पायाच्या मापाची चप्पल आपण घालणं. कोल्हापुरी चप्पल पहिले चार दिवस चावून मग पायाचा आकार घेते, पण नळी आकार घेत नाही, ती शेवटपर्यंत चावते.

पण खर्च करायच्या आधी एक हिशोब मांडा. रेंजवर हा हिशोब फारसं कुणी करत नाही, आणि पैसे नेमके इथंच वाया जातात.

१० मीटरच्या निशाणावर दशांश गुण म्हणजे केंद्रापासूनचं पाव मिलिमीटर. १०.९ म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत, आणि १०.० म्हणजे अडीच मिलिमीटरवर. आता शॉट केंद्रापासून लांब जातो त्याला दोन कारणं असतात: मुलीच्या हाताची थरथर आणि पेलेटचा फैलाव. ही दोन्ही सरळ बेरजेनं वाढत नाहीत. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. अकरावीच्या मुलीला हे गणित तोंडी येईल. समजा नवख्या मुलाचा शॉट हातामुळे सरासरी ४ मिलिमीटर लांब जातो. चांगल्या पेलेटचा स्वतःचा फैलाव सरासरी अर्धा मिलिमीटर धरा, वाईटाचा १.२ मिलिमीटर. चांगल्यावर एकूण ४.०३ येतं आणि वाईटावर ४.१८. फरक ०.१५ मिलिमीटर, म्हणजे ६० शॉटला साडेतीन गुणांच्या आसपास. आता ज्या मुलीचा हात १.९ मिलिमीटरवर आलाय तिचं बघा. चांगल्यावर १.९६, वाईटावर २.२५. म्हणजे ६० शॉटला सातेक गुण. पेलेट तेच, डबा तोच, पण हात सुधारला तसं वाईट डब्याचं नुकसान दुप्पट झालं.

याचा अर्थ असा की साडेपाचशेच्या आसपास मारणाऱ्या पोराला महागडा डबा देणं म्हणजे पैसे आणि दिलासा दोन्ही खोटे. त्याला साध्या प्रतीचा, पण मापात एकसारखा डबा द्या आणि उरलेल्या पैशांत शॉट वाढवा. ६०० ओलांडलेल्या मुलीचं वेगळं. तिला चांगला लॉट, म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेला एकाच नंबरचा माल, शोधून द्यायलाच हवा. तुम्ही गुण लिहिलेले नाहीत, पण प्रशिक्षक ५० मीटरवर घ्यायचं म्हणतात त्याअर्थी ती दुसऱ्या गटात असावी, असं धरून पुढं जातो.

लॉट शोधायचा तर रायफल हातातून काढून शिकंज्यात धरावी लागते. मुलीच्या हातानं पेलेट तपासू नका. ती एखाद्या डब्यावर चांगली मारेल त्या दिवशी तिचा मूड चांगला असेल, डबा नव्हे. मोठ्या रेंजवर तपासणीचा क्लॅम्प असतो, नसला तर आपल्या गावात करून घ्यायला अडचण काय? मॅच रायफलच्या पुढच्या लाकडाखाली ॲक्सेसरी लावायची पट्टी असते, तिच्या खाचेत बसेल असा टी-आकाराचा ब्लॉक बनवून घ्या. तो जाड प्लेटवर, आणि प्लेट जड टेबलावर बोल्टनं. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीत कुठल्याही फिटरला रायफलचा तो भाग दाखवलात तर दोन दिवसांत करून देईल. एकच सांगा, नळीला कुठंही पकडायचं नाही. नळी मोकळी राहिली पाहिजे. चार-पाच मुलांनी मिळून केला तर माणशी खर्च जेवणाएवढाच येतो. आम्ही आमचा भंगारातल्या लेथ बेडच्या तुकड्यावर केला होता, तो अजून हललेला नाही.

रायफल बसवली की पहिले ५-१० शॉट मोजू नका, सगळं जागेवर बसायला ते लागतात. डबा बदलला की परत ५ शॉट सोडून द्या. रायफलचा हवेचा सिलिंडर पुरेसा भरलेला असू द्या, २०० बार दाबापासून अगदी तळापर्यंत रिकामा करत करत तपासलंत तर शेवटच्या डब्यावर अन्याय होतो. सिलिंडरवरची मुदत पण त्याच वेळी वाचा. १० वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीलाच अडकतो, आणि अडकला नाही तरी तो गालाजवळ धरायची वस्तू नव्हे.

मग प्रत्येक लॉटचे १० शॉटचे ३ ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटचा पुंजका म्हणजे ग्रुप), प्रत्येक ग्रुप नव्या कागदावर. आमच्याकडे बरेच जण ५ शॉट मारून निकाल लावतात. ५ शॉटचा ग्रुप १० शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरीनंच पाचव्या भागानं लहान दिसतो, आणि नशिबावर इतका हलतो की एकाच डब्यातून लागोपाठ मारलेले दोन ग्रुप दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटावेत. मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत डिजिटल व्हर्नियर लावा. माझ्या वहीत १० शॉट ६ मिलिमीटरच्या आत राहिले तर तो लॉट घ्यायचा, साडेसहा-सातपर्यंत सरावाचा, आणि ८ च्या पुढं गेला तर दुकानदाराला नमस्कार. तिन्ही ग्रुपचं माप जवळपास सारखं हवं. ५.४, ५.६ आणि मग ७.९ असं आलं तर त्या डब्यात दोन जातीचा माल मिसळलाय असं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी पैसे घालवून शिकलो. एका वर्षी एका डब्यानं माझ्या एका मुलाचे राज्य स्पर्धेत फार सुरेख गुण आले. आनंदाच्या भरात मी त्याच ब्रँडचे, त्याच मापाचे, त्याच लेबलचे २० डबे घेतले. मागचा लॉट नंबर बघितलाच नाही. डबे उघडले तर ग्रुप सव्वासात-साडेसातचे. माल वाईट नव्हता, दुसऱ्या डायमधून (साच्यातून), दुसऱ्या दिवशी निघालेला होता. मी वीस वर्षं लेथवर टूल बदलला की माप हलतं हे पोरांना शिकवत आलो, आणि पेलेटच्या डायला तो नियम लागू होतो हे मला सुचलं नाही. ते डबे सरावाला संपवायला दीड वर्ष गेलं. तेव्हापासून आधी एक-एक डबा वेगवेगळ्या लॉटचा, तपासणी, आणि जमला की त्याच नंबरचे जमतील तेवढे डबे एकदम. इथंच तुमची बचत आहे. वरच्या प्रतीचा न तपासलेला डबा आणि मधल्या प्रतीचा तपासून घेतलेला लॉट यांत मी डोळे झाकून दुसरा घेईन.

वेगवेगळे लॉट एकट्यानं विकत घेणं परवडत नाही. म्हणून भिशी करा. गंमत नाही, आम्ही खरंच करतो. सहा पालकांनी सहा वेगळे लॉट आणायचे, प्रत्येक डब्यातले पन्नासेक पेलेट प्रत्येकाला. एका रविवारी सगळ्या रायफली आळीपाळीनं क्लॅम्पला. एका नळीनं नाकारलेला लॉट बहुतेक वेळा दुसरीला चालतो, म्हणून डबे वाया जात नाहीत, नुसते मालक बदलतात. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि तिच्या पेलेटलाही नाही, त्यामुळे ही देवाणघेवाण उघडपणे करता येते. मॅच रायफल तर आठेक ज्यूलच्या आसपासच असते.

पेलेट तोलून वेगळे करावेत का, हे पण पालक हमखास विचारतात. गुजरीतल्या सराफाकडं असतो तसला मिलिग्रॅमचा काटा आता स्वस्तात मिळतो, आणि घरात काटा आला की माणसाला काहीतरी तोलावंसं वाटतंच. चांगल्या लॉटमध्ये तोलून फारसं हाती लागत नाही. साध्या डब्यातून मात्र १०० पैकी चार-पाच भलतेच जड किंवा हलके सापडतात, ते काढून टाकायला काटा कामाचा. माझा भर त्यापेक्षा डोळ्यावर. पेलेटचा मागचा घेर, आम्ही त्याला स्कर्ट म्हणतो, पातळ असतो आणि शिसं मऊ. डबा एकदा टेबलावरून पडला की शंभरभर स्कर्ट वाकतात. वाकलेला पेलेट हवा एका बाजूनं सोडतो आणि तिरका निघतो. सपाट काच किंचित तिरपी धरून पेलेट तिच्यावर लोळवा. चांगले सगळे एकाच कमानीत वळतात, पिचलेले डुगडुगतात. मुलीला मॅचच्या आदल्या रात्री हेच काम द्या. शंभर पेलेट काचेवरून लोळवून निवडायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ ती मोबाइलपासून लांब राहते.

पावसाळ्यात आपल्याकडं भिंतींना बुरशी येते, तशी पेलेटवर पांढरी भुकटी येते. ती शिशाचा गंज. असले पेलेट मारायचे नाहीत, पुसून तर मुळीच नाही. डबे झाकण घट्ट लावून हवाबंद डब्यात, आत सिलिका जेलची पुडी, आणि कपाटात. फ्रीजमध्ये नको, एकानं ठेवले होते.

आता पॉइंट टू-टू. इथं घरगुती उपाय संपतात आणि नियम सुरू होतात. ही काडतुसं ज्याच्या परवान्यावर, त्याचीच. पेलेटसारखी भिशी इथं चालत नाही, उसनी देणंघेणं नाही, घरी आणून ठेवणं नाही. सुरुवातीला मुलगी क्लबच्या रायफलवर आणि क्लबच्या काडतुसांवर मारेल, त्यांचा हिशोब क्लब ठेवतो. म्हणून चाचणीसुद्धा क्लबमार्फतच करायची.

मॅचच्या काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी असते आणि वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवलेला. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेला डबा बघून मुलं हरखतात. तो घेऊ नका. ती गोळी ध्वनीच्या वेगाच्या वर निघते आणि निशाणाकडं जाता जाता त्या वेगाजवळ येते, तिथं हवा तिला धक्के देते. वेग जास्त असण्यापेक्षा सारखा असणं महत्त्वाचं. ५० मीटर जाईपर्यंत ही गोळी साधारण १२ सेंटिमीटर खाली पडते. वेगात १ टक्का फरक पडला की हे पडणं २ टक्क्यांनी बदलतं. म्हणजे एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरनं कमी असेल, तर ती साडेसात मिलिमीटर खाली लागेल. ५० मीटरच्या निशाणाचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. मुलीनं काहीही चूक न करता शॉट वरखाली झाला तो असा. ग्रुप उभा लांबट यायला लागला तर श्वासाला दोष द्यायच्या आधी लॉट बदलून बघा. आडवा आला तर वारा किंवा ट्रिगरचा हात.

एली या कंपनीच्या डबीवर लॉट नंबरशेजारी त्या लॉटचा वेग फूट प्रति सेकंदात छापलेला असतो. मुलं त्यावरून भांडतात, १०६० चांगला की १०७५. आकडा मोठा म्हणून चांगला नाही आणि छोटा म्हणूनही नाही. गोळी नळीच्या तोंडातून सुटते तेव्हा नळी थरथरत असते, त्या थरथरीच्या कुठल्या क्षणी ती सुटते यावर ग्रुप ठरतो. कुठल्या नळीला कुठला वेग जमेल हे मारूनच कळतं.

प्रतीचं म्हणाल तर एलीत टेनेक्स सगळ्यात वर, त्याखाली मॅच, त्याखाली टीम आणि क्लब. आर.डब्ल्यू.एस.मध्ये आर-५० वर, खाली रायफल मॅच आणि टार्गेट रायफल. लापुआत एक्स-ॲक्ट, मिडास प्लस, सेंटर-एक्स अशी उतरंड. आणि एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते: लापुआ आणि एस.के. या दोन्ही नावांची पॉइंट टू-टू काडतुसं जर्मनीत शोनेबेकच्या एकाच कारखान्यात बनतात. म्हणून एस.के.चा स्टँडर्ड प्लस हा सरावासाठी माझा आवडता माल. स्वस्त आहे आणि नळीला जमला तर लाज आणत नाही. पहिलं वर्ष टेनेक्सचं नावही काढू नका. मुलीला गुडघ्यावर बसून २० शॉट नीट मारता येईपर्यंत वरची प्रत आणि खालची प्रत यांतला फरक तिच्या स्वतःच्या हेलकाव्यात बुडून जातो, वर एअर रायफलचा हिशोब मांडलाय तोच इथं.

चाचणीची रीत तीच, फक्त एक वाढीव अडचण. या गोळ्यांवर मेण किंवा चरबीचं वंगण असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. नळीत एका कंपनीचं वंगण बसलेलं असताना दुसरीच्या पहिल्या १५-२० गोळ्या भरकटतात, त्या वाईट नसतात, नळी सवय बदलत असते. त्यामुळे एका दिवशी चार कंपन्या तपासायला बसू नका. एका कंपनीचे लॉट एका दिवशी, मधे नळी पुसून दुसरी. डिसेंबरच्या सकाळी सातला आणि एप्रिलच्या दुपारी दोनला तोच लॉट सारखा वागेल अशीही अपेक्षा धरू नका, गारठ्यात वंगण घट्ट होतं. जिथं स्पर्धा तिथली वेळ धरून तपासा. इथली मुलं दुधाळीच्या रेंजवर किंवा क्रीडा संकुलात गोड हवेत सराव करतात आणि स्पर्धेला पुण्यात बालेवाडीला गेल्यावर दुपारची लेन मिळाली की गोंधळतात.

पॉइंट टू-टूच्या गोळ्या काट्यावर तोलू नका. पुंगळी, दारू, गोळी, वंगण अशा चार गोष्टींचं वजन एकत्र येतं, फरक कशाचा हे कळत नाही.

खर्चाचा मेळ कसा घालायचा ते आता सांगतो. मुलगी महिन्याला २५ दिवस, रोज १०० पेलेट मारत असेल तर महिन्याला ५ डबे. त्यातले ४ मधल्या प्रतीचे, तपासलेल्या लॉटचे. एक मॅचचा, आणि तो फक्त आठवड्यातून एकदा, ६० शॉटच्या पूर्ण मॅचला, ७५ मिनिटं घड्याळ लावून. मॅचचा लॉट सरावाच्या लॉटपेक्षा दोन-तीन दशांश वर-खाली लागू शकतो, त्याची डोळ्याला सवय हवी. याशिवाय रोज अर्धा तास कोरडा सराव. मॅच एअर रायफलमध्ये पेलेट न घालता ट्रिगर ओढायची सोय असते, त्याला एक रुपया लागत नाही, आणि माझ्या पाहण्यात ज्या मुलांनी तो मनापासून केला त्यांनी पेलेट कमी मारूनही पुढं मजल मारली. पॉइंट टू-टूवर आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला एक डबी ५० ची, एवढ्यावर पहिले सहा महिने भागतं. बाकीचे दिवस तीच पोझिशन एअर रायफलवर.

उरलेले पैसे नेमबाजीच्या चांगल्या जॅकेटवर खर्च करा. मोठं झालेल्या मुलीला लहानपणचं जॅकेट आवळून घालायला लावून तिच्या हातात टेनेक्स देणारे पालक मी पाहिलेत.

आणि हात धुवायला लावा. रेंजवरून निघाल्यावर साबणानं, कोपरापर्यंत. पेलेट तोंडात धरून ठेवायची खोड एखाद्या मुलाला असतेच, ती पहिल्याच दिवशी मोडा. शिसं बोटांवर बसतं आणि बाहेरच्या गाडीवरचा वडापाव त्याच बोटांनी खाल्ला जातो. घरात लहान बाळ असेल तर रेंजचे कपडे वेगळे धुवा. दप्तरात पेलेटच्या डब्याच्या शेजारी जेवणाचा डबा नको.

रविवारी क्लॅम्प मोकळा असतो. येताना रायफल, भरलेला सिलिंडर आणि तिच्याकडं आता असलेला डबा आणा, संपत आलेला असला तरी चालेल, फक्त मागचं लेबल फाडलेलं नको.